तेवीस जुलैची सही

"गणपती यायचेत अजून, आणि इथं दसऱ्याची सही झालीसुद्धा?"

डॉक्टर दुदुस्करांनी कोंडीबा येडग्याच्या घराचं दार लोटून दारामागच्या भिंतीवर बॅटरीचा झोत टाकला होता. दिवस चांगला वर आला होता, पण डोंगरावरच्या त्या धनगरवाड्यात घरांना खिडक्या नव्हत्या. कुडाच्या भिंतीवर गेरूच्या छापाच्या पाच चौकटी होत्या. हिवताप, देवी, क्षय, कुष्ठरोग आणि कुटुंबनियोजन. प्रत्येक खात्याचा आपापला पत्र्याचा साचा, आपापला माणूस. घराला भेट दिली की चौकटीत तारीख घालून सही ठोकायची, ही पद्धत. कोंडीबाच्या देव्हाऱ्यात देवांचे टाकही इतके नसतील.

दसऱ्याची सही कुष्ठरोगाच्या पोळची होती. त्या पाच खात्यांचे आम्ही पाचही जण तिथं रांगेत उभे होतो आणि आमच्या पायांखाली शेणानं सारवलेली जमीन होती, म्हणून खाली बघायला सोय होती.

"कलम घसरलं साहेब," पोळ म्हणाला.

"सरळ पंचवीस ऑक्टोबरवर घसरलं?" डॉक्टर म्हणाले. "चांगलं लांब घसरलं की."

दारात कोंडीबा उकिडवा बसला होता, त्याची म्हातारी आई कोपऱ्यात सव्वा महिन्याच्या पोरीला कापसाच्या बोळ्यानं म्हशीचं दूध पाजत होती. पोरीची आई, बायडा, पंचवीस जुलैला पहाटे गेली होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी ताप आला आणि आठवडा काही पुरा केला नाही तिनं. आणि त्या आठवड्यात, भिंतीवरच्या चौकटी सांगत होत्या, सरकारची पाच माणसं या घरात येऊन गेली होती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. डॉक्टर दुदुस्कर तेव्हा आमचे आमदार होते. आधी सरकारी नोकरीत जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, मग राजीनामा देऊन तालुक्याला दवाखाना, मग निवडणूक. आमदार झाले तरी सोमवारी बाजाराच्या दिवशी दवाखाना चुकवायचे नाहीत. सरकारनं ही पाच खाती मोडून एक करायची का, हे ठरवायला समिती नेमली आणि डॉक्टर तिचे अध्यक्ष झाले. बायडाची बातमी कळल्यावर, पाणी ओसरताच, ते आम्हा पाचांना घेऊन वाड्यावर आले होते. त्यांचा स्वभाव तापट. आणि एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचे आणि नाडी मोजत ऐकायचे. शेतकरी असो की मंत्री, सगळ्यांना हाच प्रसाद.

ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू कोण?"

"निवृत्ती शेडगे. हिवताप."

"तेवीस जुलै. ही सही तुझी?"

"होय साहेब."

"आला होतास?"

"आलो होतो."

"बाई कुठं निजली होती तेव्हा?"

मी कोपऱ्याकडे बोट केलं. एवढ्याशा घरात माणूस कोपऱ्यातच निजणार, त्याला काय मोठी अक्कल लागते?

"काय दिलंस?"

"रक्ताचा थेंब घेतला. तापाच्या चार गोळ्या दिल्या. आमच्या खात्याचं तेवढंच काम असतं साहेब."

त्यांनी मनगट सोडलं. "एकशेदहा," ते म्हणाले.

"चढण चढून आलोय साहेब."

"मीही चढूनच आलोय," ते म्हणाले आणि कोंडीबाकडे वळले. "कोंडीबा, ही माणसं आली होती ना रे?"

कोंडीबानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "भितीवर लिवलंय न्हवं? लिवनारं शानं." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं. मी बाहेर जाऊन चपला घालू लागलो.

आता खरं काय ते सांगतो. त्या जुलैत पाचापैकी एकही जण नदी ओलांडून गेला नव्हता. तिला पुरतं नावही नव्हतं, सगळे 'पल्याडची' म्हणायचे, पण आषाढात ती दोन्ही काठ सोडून वाहायची. पूल होता तो खाली आठ कोसांवर, तिथून डोंगरधारेनं वाडा गाठायला सहा तास. म्हणून आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात एक फेरी मारायचो आणि पावसाळ्याच्या सगळ्या सह्या एका दमात उरकून यायचो. याला आमच्यात 'पुढची सही' म्हणत. वरच्यांना ठाऊक होतं, खालच्यांना ठाऊक होतं. शहाणी माणसं ऑगस्टपर्यंतच सह्या करत. पोळ हावरा, त्यानं दसरा गाठला.

खाली उतरताना पोळ माझ्या कानाशी लागला. "निवृत्ती, लेका, वाचलो की आपण! जुलैतल्या पाची सह्या खऱ्या धरल्या त्येनं. दसऱ्याची सही नडली, माझं एकट्याचं मरण."

त्याला बिचाऱ्याला दोन पगारवाढी गमवाव्या लागल्या, पण मरण माझंच होतं. मी नऊ वर्षं हंगामी होतो. कायम होणाऱ्यांची यादी दिवाळीत निघायची होती आणि माझा नंबर अकरावा होता. घरी बायको, दोन मुली, आणि बायकोनं यादीच्या भरवशावर आताच सत्यनारायण बोललेला.

आठ दिवसांनी जिल्ह्याच्या विश्रामगृहावर समितीची बैठक लागली. आदल्या दिवशी आमच्या हिवतापाच्या कुलथे साहेबांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. हाताखालच्यांची लग्नं, बारशी, सगळीकडे हजर असायचा.

"शेडगे, बस," ते म्हणाले. "उद्या तुला विचारतील, बाई एवढी आजारी दिसत होती तर केंद्रावरच्या डॉक्टरला का कळवलं नाहीस. काय सांगशील?"

त्यांनी फायलीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. अकरा वर्षांपूर्वीचं परिपत्रक. 'कर्मचाऱ्याने आपल्या योजनेखेरीज अन्य रुग्णांची नोंद घेऊ नये, त्यांच्यासाठी वेळ खर्च करू नये, आपल्या अधिकाऱ्याखेरीज इतरांस परस्पर कळवू नये.' खाली सही होती. ठसठशीत. एस. के. दुदुस्कर, जिल्हा आरोग्य अधिकारी.

"यांनीच काढलेलं?" मी विचारलं.

"यांनीच. आणि आज पाच खाती वेगळी म्हणून बाई मेली असा डांगोरा पिटतायत. तू फक्त म्हणायचंस, मी गेलो होतो, या परिपत्रकामुळे माझे हात बांधलेले होते. मग हा कागद टेबलावर ठेवायचास. वर्तमानपत्रवाले असणारच आहेत."

"साहेब, पण गेलो होतो म्हणजे..."

"भिंतीवर सही आहे तुझी," कुलथे साहेब शांतपणे म्हणाले. "खातं एकत्र झालं तर तीन हजार माणसांची ज्येष्ठता यादी नव्यानं लागेल. आपण हिवतापवाले शेवटी जाऊ. तू अकरावा आहेस ना? नव्या यादीत तू चारशेअकरावा असशील. विचार कर."

मी फार विचार केला नाही, खरं सांगायचं तर. कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. वाटलं, बुडत्याला काडी नाही, चांगला ओंडका मिळाला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बैठक सुरू झाली. लांब टेबल, मधोमध डॉक्टर, दोन्ही बाजूंना दोन सदस्य, एक लघुलेखक, भिंतीकडेला वर्तमानपत्राची दोन माणसं. कुलथे साहेब आणि बाकीचे अधिकारी एका बाजूला. कोंडीबालाही बोलावलं होतं. खुर्चीवर बसायला तो काही केल्या तयार होईना, शेवटी दाराशी खाली बसला, पटका काढून मांडीवर घेतला.

माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि खिशाकडे हात नेला.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या आधी मला एक सांगायचं आहे. लघुलेखक, हे लिहून घ्या."

त्यांनी आपल्या फायलीतून एक कागद काढला. लांबूनसुद्धा मी ओळखला. माझ्या खिशातला होता तोच, फक्त त्यांच्याकडे मूळ प्रत होती.

"हे परिपत्रक अकरा वर्षांपूर्वी मी काढलं," ते म्हणाले. "देवीच्या माणसांनी इतरांची कामं करत बसू नये म्हणून काढलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. या माणसांचे हात मी बांधले. ही बाई गेली त्यात माझी सही या पाच सह्यांच्या आधीची आहे. ज्यांना उद्या छापायचं असेल त्यांनी खुशाल छापावं. आता शेडगे, तुला कागद काढायची गरज नाही. तू फक्त सांग, तेवीस तारखेला गेला होतास?"

कुलथे साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि माझं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. फक्त 'होय' म्हणायचं होतं. एक अक्षर जास्त नको. दोष घ्यायला माणूस तयार होता, नुसता तयार नव्हता, त्यानं तो उचलून खांद्यावर घेतलाही होता. माझी नोकरी राहणार, अकरावा नंबर राहणार, सत्यनारायण होणार. उद्या वर्तमानपत्रात नाव दुदुस्करांचं येणार. ज्यानं काही लपवलं नाही त्याचं.

मला लाज वाटली. साधी, धडधडीत लाज. लहानपणी चोरून गूळ खाताना आईनं बघितलं होतं आणि ती काही बोलली नव्हती, तशी.

"नव्हतो गेलो, साहेब," मी म्हणालो.

"काय?"

"मी गेलोच नव्हतो. आम्ही कुणीच गेलो नव्हतो. जूनमध्ये सगळ्या सह्या करून ठेवल्या होत्या. तुमच्या परिपत्रकाचा काही संबंध नाही. हात बांधले म्हणायला हात तिथं असायला हवे होते."

लघुलेखकाची पेन्सिल थांबली. डॉक्टर उठून उभे राहिले. टेबलावर त्यांच्या अहवालाचा मसुदा होता, बत्तीस पानांचा, आणि त्याचं पहिलं वाक्यच असं होतं की पाच माणसं एका घरात आली आणि एकालाही बाई दिसली नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांनी ती चळत उचलली, दाणकन आपटली आणि टेबलाला वळसा घालून सरळ माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता मारतात.

त्यांनी माझं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"त्या दिवशीच मोजली होती मी तुझी," ते हळू आवाजात म्हणाले. "एकशेदहा. चढणीची नव्हती, कळलं होतं मला. पण मला पाच माणसं आलेली हवी होती. माझा अहवाल त्यावरच उभा होता." मग त्यांनी हात सोडला आणि मोठ्यानं विचारलं, "का नाही गेलास?"

"नदी, साहेब."

"नदी दरवर्षी येते. नीट सांग."

मग मी जे सांगितलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणालो, "माझ्याकडे साठ गावं. पोळकडे तीच साठ. देवीवाल्याकडे तीच, बाकी दोघांकडे तीच. पाच जण तीच नदी पाच वेगवेगळ्या दिवशी ओलांडतो आणि साठ गावांत पळत सुटतो. कुणाचंच घर कुठं नाही. त्याच पाचांना बारा-बारा गावं वाटून दिली आणि पाचही कामं एकेकाला दिली, तर पल्याडची बारा गावं ज्याच्या वाट्याला येतील तो पावसाळाभर पल्याडच राहील. त्याला नदी ओलांडावीच लागणार नाही. पहिल्या तापाला तो बाईच्या दाराशी असेल."

डॉक्टरांनी लघुलेखकाकडे बघितलं. "घेतलं?"

"घेतलं साहेब."

"पहिल्या दिवशी कुणी ओळखलं असतं तर झोळीत घालून डोंगरधारेनं नेता आली असती," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "वाचली असती." मग कोंडीबाकडे वळून: "कोंडीबा, त्या दिवशी घरी तूच सांगायचंस की रे, कुणी आलं नाही म्हणून."

कोंडीबा बसल्या जागेवरून म्हणाला, "कुनी आलं न्हाई, असं कसं म्हनू डाक्टरसायेब? ह्यो आला हुता."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीची पाठ धरली.

"ह्यो नदीपतूर आला हुता. अल्याडच्या काठाला. म्या पल्याड हुतो, जांभळीखाली. म्या पटका सोडून असा हालवला." त्यानं मांडीवरचा पटका उचलून हवेत दोनदा हलवला. "ह्येनं पन हात केला. मंग ह्यो माघारी गेला."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तेवीस जुलैला मी गेलो होतो, नदीपर्यंत. काय मनात आलं कुणास ठाऊक, निदान पाणी बघून यावं म्हटलं. पलीकडे एक माणूस पटका हलवत होता. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मीही हात हलवला, जरा वेळ थांबलो आणि परत फिरलो. परतीच्या वाटेवर मला हलकं वाटलं होतं. तेच मला आयुष्यभर खात आलं आहे.

"मला वाटलं," मी म्हणालो, "मला वाटलं, येऊ नका म्हणतायत. पाणी लई आहे, येऊ नका."

कोंडीबाच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"येऊ नगा म्हनाया," तो म्हणाला, "मानूस दोन कोस चिकूल तुडवत येतंय व्हय?"

बैठक त्या दिवशी तिथंच थांबली.

मला सहा महिने निलंबन झालं. दिवाळीची यादी निघाली, तिच्यात मी नव्हतो. बायकोनं सत्यनारायण तरी केला. म्हणाली, देवाला बोललेलं देवाला, त्याला यादीशी काय करायचंय. डॉक्टरांवर वर्तमानपत्रांनी आठवडाभर तोंडसुख घेतलं, पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी ते परिपत्रक छापून गावोगाव वाटलं आणि ते पडले. पण पडण्याआधी त्यांनी अहवाल पुन्हा लिहिला, विधानसभेत मांडला, भांडभांड भांडले आणि आमच्या भागात पाच खात्यांचं एक खातं झालं. त्या अहवालाचं पहिलं वाक्य आता असं होतं की त्या घरी कुणीही आलं नव्हतं. आणि शेवटून तिसऱ्या पानावर एक कलम होतं. नदीपल्याडच्या गावांचा कर्मचारी ज्येष्ठ ते आश्विन नदीपल्याड मुक्कामाला राहील.

ज्येष्ठता यादीत माझा नंबर चारशेअकरा नव्हता, पाचशेदोन होता. नेमणुकीचा हुकूम घ्यायला गेलो तर कुलथे साहेबच देत होते. "कुठलं गाव हवं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहून दिलं.

पुढच्या ज्येष्ठात मी वळकटी, औषधांची पेटी आणि नवा साचा घेऊन धनगरवाड्यावर चढलो. आता एकच साचा होता. वाड्याच्या टोकाला एक रिकामं खोपट मला दिलं होतं. पहिल्याच दिवशी कोंडीबाच्या घरी गेलो. पोरगी आता धरून धरून उभी राहत होती. तिच्या दंडावर टोचल्याचा व्रण नव्हता. मी पेटी उघडली, तिला टोचलं, ती आकांतानं रडली, म्हातारीनं मला दोन शिव्या घातल्या.

भिंतीवर शेणामातीचा नवा हात फिरवला होता. पाचही चौकटी गेल्या होत्या. मी दारामागे नवा छाप उमटवला, खिशातून पेन्सिल काढली आणि का कोण जाणे, माझा हात चालेना. सहा महिने झाले, वर्ष होत आलं, पण त्या चौकटीत तारीख घालणं मला जमेना.

कोंडीबा दारात उभा राहून बघत होता. नदी खाली गढूळ व्हायला लागली होती, वरपर्यंत तिचा आवाज येत होता.

"घाल की," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"आजची घाल," तो म्हणाला. "उद्याची नगं."